फटाक्याची राख आणि केळीच्या बागेतला सोरा: सूक्ष्मदर्शकाखालच्या कामाच्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात दिवाळीला जे फटाके उडतात त्यांच्या जळक्या अवशेषांचा संदर्भसंच करायला घेतला आहे. फुलबाजी, झाड (अनार), भुईचक्र, बाण, लवंगीची माळ, सुतळी बॉम्ब अशा प्रत्येकाच्या तीन-चार काचपट्ट्या, फोटो आणि खाली दोन ओळी वर्णन. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मुलांना न्यायवैद्यक शिकवताना दाखवायला आमच्याकडे पुस्तकातली काळी-पांढरी चित्रं तेवढी आहेत. आपल्या गावी कुणाला हेच करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून तारीखवार लिहितो.

पहिलं काम मातीचं. अंगण, कॉलेजची गच्ची, रस्त्याकडेची धूळ, उकिरडा, गोठ्याची भिंत, शिवारातल्या दोन केळीच्या बागा, कापसाचं एक वावर. प्रत्येक ठिकाणची चमचाभर धूळ कागदी पुडीत बांधून वर तारीख आणि जागा लिहिली. फटाके वाजायला लागले की मुळात तिथे काय होतं हे पुन्हा कळायचा मार्ग नाही. गोठ्याच्या भिंतीवरचा लोणा मुद्दाम खरवडून घेतला. त्यात सोरा असतो आणि सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, फटाक्याच्या दारूतलाच.

नियम एकच ठरवला आणि मुलांकडून वहीत लिहून घेतला: न उडालेला किंवा फुसका निघालेला फटाका उघडायचा नाही, कुटायचा नाही, खलात घालायचा नाही. तो थेट पाण्याच्या बादलीत. आपलं काम जळून उरलेल्याचं आहे.

फटाके ₹१,१४०, काचपट्ट्या आणि आवरणकाचा ₹२६०. सूक्ष्मदर्शक कॉलेजचा, वनस्पतिशास्त्रवाल्यांचा साधाच.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

साध्या सूक्ष्मदर्शकाला पोलरायझर, म्हणजे प्रकाशाची लहर एकाच दिशेत ठेवणारी (ध्रुवित करणारी) पट्टी, बसवण्यात सगळी संध्याकाळ गेली. फैजपूरच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याने फुटलेल्या एलसीडीचा पडदा फुकट दिला. वरची पट्टी सोलली तर मागचा डिंक निघेना. नेलपॉलिश काढायच्या द्रावणाने पुसलं आणि पट्टी दुधाळ होऊन वाया गेली. त्यातलं ॲसिटोन पट्टीचा वरचा थरच खातं. दुसरी पट्टी रात्रभर रॉकेलमध्ये ठेवली, सकाळी डिंक नखाने निघाला. एक तुकडा दिव्याच्या वर, दुसरा गोल कापून नेत्रिकेत. नेत्रिका फिरवत दृश्य सर्वांत काळं होईल तिथे खूण केली. पूर्ण काळं होत नाही, जांभळट राहतं. चालतं.

तपासणी साखर आणि मिठाने करा. साखरेचा कण अंधारात झगमगला पाहिजे आणि मीठ काळंच राहिलं पाहिजे. मीठ चमकलं तर पट्ट्या नीट आडव्या-उभ्या बसलेल्या नाहीत.

फिरता मंच विकत घ्यायचा तर सगळ्या खर्चावर पाणी. जुनी सीडी मंचावर ठेवली आणि तिच्यावर काचपट्टी चिकटवली. मधल्या भोकातून प्रकाश येतो आणि सीडी बोटाने फिरवता येते. कण मधोमध राहत नाही, सरकतो, पण सवय होते.

पाण्याचा घोळ मात्र मोठा. अवशेष पाण्यात विरघळवून थेंब वाळवायचा आणि उरलेले स्फटिक बघायचे, अशी पद्धत. नुसत्या जारच्या पाण्याचा थेंब वाळवला तर त्यातच चौकटी, सुया, गोल डाग असं सगळं संग्रहालय निघालं. नळाच्या पाण्याचं तर विचारूच नका, इथे भांड्यांवर पांढरे थर बसतात. गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणलं, सीलबंद कॅन. सुट्या ड्रममधलं घेऊ नका, त्याचाही डाग राहतो. दर वेळी एक कोरा थेंब शेजारी वाळवायचाच.

१ नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन

प्रत्येक फटाका वेगळ्या फरशीवर उडवायचा, खाली पांढरी टाइल, कडेला पाण्याची बादली. पत्र्यावर उडवू नका, पत्र्याचा जस्ताचा थर राखेत येतो.

योजना अंगणातली होती, पण अंगणात रांगोळी. रांगोळी म्हणजे शिरगोळ्याची पूड, ध्रुवित प्रकाशात तिचे कण दिवाळीपेक्षा जास्त झगमगतात. शिवाय वारा आणि शेजारच्या माळेचा कागद. सगळं उचलून गच्चीवर नेलं, तिथे खालच्या गल्लीतला धूर येत होता. शेवटी रात्री साडेअकराला गाव थकल्यावर काम सुरू झालं. फुलबाजी, झाड, भुईचक्र जमले. सुतळी बॉम्बने टाइल फोडली आणि अवशेष गच्चीभर गेले. जमवता आले ते तागाचे धागे आणि थोडी राखाडी भुकटी. बाण वर जाणार, मग त्याचे अवशेष कुठून आणायचे? तो सोडायच्या जागी खाली उरलेली काजळी घेतली, आणि सकाळी शिवारात पडलेल्या नळ्या शोधायचं ठरवलं.

४ नोव्हेंबर, सोमवार

झाडाच्या आणि लवंगीच्या पुड्या ओल्या झाल्या. मी प्लॅस्टिकच्या झिप पिशव्यांत भरल्या होत्या. काळ्या दारूच्या (सोरा, गंधक आणि कोळशाच्या मिश्रणाच्या) राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. आत दव जमलं, स्फटिक विरघळले आणि पिशवीच्या तोंडाशी नव्याने जमले. वास सडक्या अंड्याचा, सल्फाइडचा. ते नमुने बाद.

उरलेले काचेच्या बाटल्यांत, आधी उन्हात नव्हे तर साठ वॅटच्या दिव्याखाली सुकवून, सोबत बूटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवले. बाद नमुन्यांसाठी पुन्हा फटाके घ्यावे लागले, ₹३१०. दिवाळीनंतर उरलेला माल स्वस्तात मिळतो हा एवढाच फायदा.

६ नोव्हेंबर, बुधवार

आधी कोरडं वर्गीकरण, मग पाणी. हा क्रम उलटा करू नका. पाणी लागलं की क्षार गेले आणि कोणता कण कोणाला चिकटला होता हेही गेलं.

कॉलेजकडे द्विनेत्री स्टिरिओ सूक्ष्मदर्शक नाही. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे आहे, चिप बसवायला ते तोच वापरतात. दुपारी त्याचं गिऱ्हाईक कमी असतं. दोन चहा आणि त्याच्या पोराला स्लाइड दाखवायच्या बोलीवर काम झालं.

फुलबाजी सर्वांत सोपी. तारेवरच्या करड्या कपचीत लोखंडाच्या ऑक्साइडच्या पोकळ गोळ्या, काही फुटक्या अंड्यासारख्या. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवला की गोळ्या पिशवीला चिकटतात, पिशवी उलटी केली की कागदावर पडतात. चुंबक उघडा लावलात तर तो साफ करण्यात दिवस जाईल.

झाडाच्या राखेत कोळशाचे कण. त्यांच्यात लाकडाच्या पेशींच्या रांगा स्पष्ट दिसतात, अगदी जळल्यावरही. मध्येच चंदेरी कडक कपच्या येतात, त्या धातूच्या.

सुतळी बॉम्बात तागाचा धागा सरळ, न पिळलेला, वर पांढरट राखाडी थर. त्या थरात ॲल्युमिनियमच्या पातळ चकत्या, बाजूने प्रकाश टाकला की आरशासारख्या लखलखतात. इथे एक अडचण अशी की नोव्हेंबर म्हणजे कापसाचा हंगाम, हवेत सरकी-कापसाचे तंतू सगळीकडे. कापसाचा तंतू चपटा आणि पिळलेल्या फितीसारखा असतो, तागाचा तसा नसतो. फरक एकदा डोळ्यात बसला की चुकत नाही.

लवंगीच्या कागदाच्या कपट्यांवर बऱ्याचदा तमिळ छापील अक्षरं असतात. रद्दीच्या कागदाच्या नळ्या, माल शिवकाशीचा. सूक्ष्मदर्शक न लावता मिळालेला हा सर्वांत भक्कम पुरावा! मुलं यावर फार खूश झाली.

बाणाच्या नळ्या शिवारात भरपूर सापडल्या. नळीच्या बुडाशी भाजलेल्या मातीची भोक असलेली बूच असते. कागद जळतो, काडी जळते, बूच उरते. ती वेगळ्या डबीत ठेवली.

१० नोव्हेंबर, रविवार

आज तेलं. क्षाराचा कण कोणत्या द्रवात बुडवला म्हणजे तो किती ठळक दिसतो, यावरून तो कोण हे कळतं. प्रयोगशाळेची मोजून दिलेली तेलं महाग. एरंडेल, खोबरेल आणि लवंगाचं तेल घरातच आहे. एरंडेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा अंक; कणाचा आणि तेलाचा जुळला की कण दिसेनासा होतो) साधारण १.४८, खोबरेलाचा १.४५, लवंगतेलाचा १.५३ च्या आसपास. क्षार तेलात विरघळत नाहीत हा दुसरा लाभ. ग्लिसरीन वापरून बघितलं, ते पाणी ओढतं आणि नायट्रेटच्या कडा झिजवतं. सोडून दिलं.

एरंडेलात पोटॅशियम परक्लोरेट जवळजवळ अदृश्य होतं, त्याचे तिन्ही अंक (स्फटिकात दिशेनुसार अंक बदलतो) १.४७३ ते १.४७७ मध्ये. ध्रुवित प्रकाशातही फार मंद. कण होता आणि आता दिसत नाही, हीच त्याची ओळख. पोटॅशियम नायट्रेट याच्या अगदी उलट. त्याचा एक अंक १.३३५ आणि बाकीचे दोन १.५०५ च्या आसपास, त्यामुळे सीडी फिरवली की कण एका दिशेला पुसट आणि दुसऱ्या दिशेला ठसठशीत होतो. डोळा मारतो म्हणा ना. बेरियम नायट्रेट आणि स्ट्रॉन्शियम नायट्रेट आडव्या पट्ट्यांत, म्हणजे दृश्य काळं केलेल्या स्थितीत, मिठासारखे काळेच राहतात, पण एरंडेलात कडा ठळक.

डोळा मारणारे सगळे सोरा नसतात आणि इथेच वेळ गेला. युरियाही तसाच करतो, आणि आमच्या भागात युरियाचा कण कुठे नाही? वेगळं करायला बेके रेषा लागते, म्हणजे कणाच्या कडेची उजळ रेघ. सूक्ष्मदर्शकाची नळी जरा वर उचलली की ती रेघ जास्त अंकाच्या बाजूला सरकते. कण सर्वांत ठसठशीत दिसतो त्या स्थितीत बघा. सोऱ्याची रेघ बाहेर तेलात पळते, कारण १.३३५ हा तेलापेक्षा कमी. युरियाची आत शिरते, कारण त्याचे अंक १.४८४ आणि १.६०२. चुनखडीचा कणही झगमगतो, पण सौम्य आम्लाच्या थेंबात फसफसतो. काळ्या मातीत चुनखडी म्हणजे पाहुणा नव्हे, घरचाच.

डायफेनिलअमाइनची निळी चाचणी मुलांना आवडते. आम्ल तीव्र असतं म्हणून ती मीच करतो. नायट्रेट असलं की निळं होतं, पण नायट्राइट, क्लोरेट आणि बरेचसे दुसरे ऑक्सिडीकारकही निळे होतात. परक्लोरेटसाठी मेथिलीन ब्लूच्या पातळ द्रावणात जांभळे स्फटिक येतात. ते छान दिसले, फोटो लावला आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

चुंबकाला चिकटलेल्या गोळ्यांची पट्टी करून फुलबाजीचं पान पूर्ण झालं असं वाटत होतं. मग २६ ऑक्टोबरच्या, म्हणजे फटाक्यांआधीच्या पुड्या काढल्या. रस्त्याकडेच्या धुळीत तसल्याच गोळ्या.

दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र भुसावळजवळ, इथून फार लांब नाही. कोळशाच्या राखेत काचेच्या गोल गोळ्या असतात, त्यातल्या काही लोहयुक्त आणि चुंबकाला चिकटणाऱ्या. राखेचे टँकर रस्त्याने जातात आणि निम्मं गाव राखेच्या विटांनी बांधलेलं. शिवाय चौकात दोन फॅब्रिकेशनची दुकानं, वेल्डिंगच्या आणि ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे लोखंडाच्या गोळ्याच.

काचेच्या गोळ्या वेगळ्या काढता येतात: पारदर्शक, आत बुडबुडे, चुंबकाला दाद न देणाऱ्या. काळ्या चुंबकीय गोळ्या मात्र साध्या सूक्ष्मदर्शकाखाली फुलबाजीच्या, वेल्डिंगच्या की राखेच्या हे मला सांगता येत नाही. संचातल्या त्या पानावर तसंच लिहिलं. सुटी गोळी काही सांगत नाही. तारेवरच्या कपचीत रुतलेली सांगते.

१७ नोव्हेंबर, रविवार

नात्यातले एक जिभाऊ घरी आले. पाडव्याच्या रात्री त्यांच्या बागेच्या कडेची कडब्याची गंजी आणि ठिबकच्या नळ्यांची वेटोळी जळाली. गल्लीतल्या पोरांचा बाण पडला असं त्यांचं म्हणणं, पोरांच्या बापांचं म्हणणं अर्थातच वेगळं. “तुझ्या दुर्बिणीत दिसन ना भाऊ कोणाचा बाण होता ते?”

बाण कोणाचा हे कोणत्याही दुर्बिणीत दिसत नाही, हे आधी सांगितलं. दुसरं, पंचनामा झालेला आहे. पुरावा म्हणून जे जायचं ते पोलिसांमार्फत, सीलबंद, कोणी कधी कोणाच्या हाती दिलं त्या नोंदीसह न्यायसहायक प्रयोगशाळेत जातं. राज्याची मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिन्याला आणि आमच्या विभागाची नाशिकला. मी बघितलेल्याला कोर्टात किंमत नाही. तरी या म्हणाले. गेलो, कारण संचासाठी खऱ्या जळिताचा नमुना हवाच होता.

पंधरा रात्रींचं दव पडून गेलेलं, गुरं फिरलेली, अर्धी राख उकिरड्यात. गंजीच्या जागेचे चार कोपरे, मध्य, खतटाकीच्या शेडजवळ एक, आणि जळालं नाही अशा बाजूचे दोन नमुने घेतले. ते शेवटचे दोन सर्वांत महत्त्वाचे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

शेडजवळच्या नमुन्यात निळी चाचणी क्षणात गडद. आडव्या पट्ट्यांत सुया झगमगल्या, एरंडेलात रेघ बाहेर पळाली, म्हणजे सोरा नक्की. शेजारी पिवळे गंधकाचे कण. आणि कोळसा तर हवा तितका. सोरा, गंधक, कोळसा: काळ्या दारूचे तिन्ही घटक एका पट्टीवर. शेजारी उभा असलेला माझा एक विद्यार्थी ओरडलाच, “सर, सापडलं!”

आता जळालं नाही त्या बाजूचा नमुना. तिथेही सोरा, तिथेही गंधक. मग २६ ऑक्टोबरची, शिवारातल्या दुसऱ्याच बागेची पुडी काढली, तिथेही सोरा.

शेडमध्ये रिकाम्या गोण्या होत्या आणि मी त्या बघून आलो होतो, पण तेव्हा डोक्यात प्रकाश पडला नव्हता. १३:०:४५. ठिबकमधून केळीला सोडायचं विद्राव्य खत, तेच पोटॅशियम नायट्रेट. दुसरी गोणी दाणेदार बेंटोनाइट गंधकाची. कोळसा जळिताने पुरवला. आमच्या बागायती पट्ट्यात फटाक्याच्या दारूचे तिन्ही घटक जमिनीवर आधीच पसरलेले असतात, आणि वरून केळीच्या राखेत पोटॅशियम ठासून भरलेलं. नमुन्यात पोटॅशियम मिळालं, नायट्रेट मिळालं, गंधक मिळालं, या तिन्ही वाक्यांना रावेर-यावलमध्ये काही अर्थ नाही. जे पुस्तक समोर ठेवून आम्ही शिकवतो त्यात हा इशारा कुठे नाही. ते ज्यांनी लिहिलं त्यांच्या अंगणात केळीची बाग नसावी.

मग अर्थ कशाला आहे? तिन्ही एकाच कणात आहेत का, याला. दारूचा न जळलेला दाणा मोडला की आत कोळसा, गंधक आणि सोरा एकमेकांत दाबून बसलेले दिसतात. आमच्या झाडाच्या आणि लवंगीच्या अवशेषांत असे अर्धवट जळलेले दाणे कागदाला चिकटून मिळाले होते. ती पट्टी शेजारी ठेवून तुलना केली. जिभाऊंच्या नमुन्यात सोऱ्याचे स्फटिक सुटे. गंधकाचे कण मातीसकट, पाण्याचा थेंब पडताच फुगून विस्कटणारे, म्हणजे बेंटोनाइट. कोळसा लाकडाचा नाही. त्यात ज्वारीच्या पात्यातले डंबेलच्या आकाराचे सिलिकाचे सूक्ष्म कण, आणि केळीच्या सोपटातल्या स्प्रिंगसारख्या उलगडणाऱ्या वाहिन्या.

ॲल्युमिनियमच्या चकत्या नाहीत. भाजलेल्या मातीची बूच नाही, गंजीची जागा चाळणीने चाळून पाहिली. बांधावर बाणाची एक काडी मिळाली, पण दिवाळीनंतर कोणत्या बांधावर नसते?

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. मत देऊन पुन्हा चाळणीला बसलो. गंजीच्या ईशान्य कोपऱ्यात मोहरीएवढे चंदेरी मणी मिळाले. चुंबकाला चिकटत नाहीत, सुईने दाबले की चपटे होतात, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडबुडे सोडत विरतात. म्हणजे वितळून गोठलेलं ॲल्युमिनियम. फटाक्यातलं ॲल्युमिनियम भुकटीच्या आकाराचं, एवढे मणी त्याचे होत नाहीत. त्या कोपऱ्यावरून विजेच्या तारा जातात आणि अशा तारा ॲल्युमिनियमच्या असतात. वाऱ्यात दोन तारा एकमेकींना लागल्या तर वितळलेले थेंब खाली पडतात हे वायरमनही सांगतात. पण शेडचा पत्रा, जुनं भांडं, ठिबकचं काही जोडसामान, जळितात वितळणारं ॲल्युमिनियम दुसरंही असू शकतं. मणी किती जुने हेही माहीत नाही.

जिभाऊंना चिठ्ठीवर एवढंच लिहून दिलं: बाणाचे अवशेष या नमुन्यात मिळाले नाहीत, उशिराने घेतलेले असल्याने बाण नव्हताच असंही म्हणता येत नाही, ईशान्य कोपऱ्यात ॲल्युमिनियमचे मणी आहेत ते तपास करणाऱ्यांना दाखवा. त्यांना हे आवडलं नाही. “म्हणजे तुले बी समजलं नाही,” म्हणाले आणि चहा न घेता गेले.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल विधानसभेचा निकाल. मिरवणुका, माळा, गुलाल. ताजे अवशेष आयते मिळतील म्हणून सकाळी चौकातून झाडलोट होण्याआधी पुड्या भरल्या. सगळं गुलाबी. काचपट्टीवर आडव्या पट्ट्यांत शेकडो छोटे कण, प्रत्येकावर काळा क्रूस. हा स्टार्च. काल उधळलेला गुलाल रंगवलेल्या मक्याच्या स्टार्चचा होता, कण कोनदार. केळीच्या स्टार्चवरही क्रूस येतो, पण कण लांबट आणि क्रूसाचं केंद्र एका टोकाला. क्षार बघायला पाण्यात घातलं तर रंग सगळीकडे उतरला. भर मिरवणुकीतला नमुना घेऊच नका. चौकाच्या बाहेर, गुलाल पोहोचला नाही तिथे फुटलेल्या माळेचा घ्या.

हे वाया न घालवता ‘गुलाल’ असं वेगळं पान संचात टाकलं. इथे लग्नाच्या वरातीत, गणपतीत, निकालाला फटाका आणि गुलाल जोडीनेच येतात.

११ डिसेंबर, बुधवार

ज्या गोष्टी साध्या सूक्ष्मदर्शकाला जमत नाहीत त्यासाठी बाहेरच्या एका साधन केंद्रात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि मूलद्रव्य तपासणीला चार नमुने दिले होते. दर नमुना ₹७०० आणि वर कर. खिशातून. एक नमुना तेल लागलेला होता म्हणून परत आला. निर्वात कक्षात तेल चालत नाही. एरंडेलातून काढलेला कण आधी धुऊन घ्यायला हवा होता, किंवा तेलाच्या कामाला आणि या कामाला मुळातच वेगळे कण ठेवायला हवेत. दुसरं सोपं.

फुलबाजीच्या कपचीतल्या गोळीत लोह, ॲल्युमिनियम आणि बेरियम. राखेच्या विटेतल्या चुंबकीय गोळीत लोहासोबत सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम, बेरियमचा पत्ता नाही. ज्या प्रश्नावर मी १४ नोव्हेंबरला अडलो होतो त्याचं उत्तर मिळालं, पण ते दर नमुन्याला ₹७०० घेणारं यंत्र मागतं.

बेरियमवर थोडं. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशात फटाक्यांतल्या बेरियम क्षारांवर आणि लांबलचक माळांवर बंदी घातली, आणि २९ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा बजावलं. हरित फटाक्यांची सूत्रं नागपूरच्या नीरीने दिली. आमची फुलबाजी सुट्या पुड्यातली, त्यावर ना शिक्का ना क्यूआर. बेरियम सापडलं याचं आश्चर्य मला वाटलं नाही. मात्र बेरियम दिसलं की लगेच फटाका म्हणू नका. बेरियम सल्फेट रंगात आणि कागदाच्या भरावातही असतं. गोल, वितळून घट्ट झालेल्या कणात ते दुसऱ्या धातूंसोबत आहे का ते बघायचं.

एका मुलीने विचारलं की बंदुकीच्या गोळीतही बेरियम असतं ना, मग फटाका उडवलेल्या हातावर तेच निघालं तर? प्रश्न नेमका होता. वरणगावला काडतुसांचा कारखाना असल्याने तो इथल्या पोरांना सुचतोच. गोळीबाराच्या अवशेषात शिसं, अँटिमनी आणि बेरियम एकाच कणात एकत्र शोधतात. फटाक्याच्या कणात बेरियम असलं तरी सोबत ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, क्लोरीन अशी वरात असते. तरीही काही कण फसवे निघतात, म्हणून एका कणावर कोणी अहवाल लिहू नये.

२९ डिसेंबर, रविवार

तेलातल्या पट्ट्या टिकत नाहीत. कडेला नेलपॉलिश लावलं, तेलावर ते धरत नाही, आठवड्यात सुटलं आणि डबीभर एरंडेल. ज्या पट्ट्या कायम ठेवायच्या त्या कोरड्याच ठेवल्या: कण सेलोटेपवर उचलून टेप काचेवर उलटी चिकटवायची. पण सेलोटेप स्वतःच ध्रुवित प्रकाशात रंग दाखवते, म्हणून झगमगाट बघायचा असेल तर टेप नको. दोन संच करावे लागले, एक कोरडा दाखवायला आणि दुसऱ्यात नुसत्या पुड्या, ज्यातून दर वर्षी ताजी तेलपट्टी करता येईल.

आतापर्यंतचा खर्च: फटाके ₹१,४५०, काचसामान ₹५२०, बॅटरीचं पाणी आणि तेलं ₹२४०, यंत्रतपासणी करासह ₹३,३०४, बाटल्या ₹१८०. पोलरायझर आणि सीडी फुकट. मोबाइलवाल्याचा चहा धरलेला नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार

संचाची पहिली पेटी पूर्ण झाली. पहिल्या कप्प्यात फटाके नाहीत, पार्श्वभूमी आहे: काळी माती, चुनखडी, लोणा, रांगोळी, युरिया, १३:०:४५, बेंटोनाइट गंधक, राखेच्या विटेची भुकटी, वेल्डिंगची धूळ, कापूस, केळीची राख, कडब्याची राख, गुलाल. दुसऱ्या कप्प्यात फटाके. मुलांनी दुसऱ्या कप्प्याला हात लावण्याआधी पहिल्यातल्या पट्ट्या न बघता ओळखून दाखवायच्या, असा दंडक घातला आहे. पहिल्या तुकडीत युरियाला सोरा म्हणणारे निम्म्याहून जास्त निघाले.

उरलेलं: भुईचक्राचे नमुने कमी आहेत. विहिरीच्या सुरुंगाचे अवशेष संचात हवेत अशी मागणी आली होती, पण ते काम परवान्याच्या माणसांचं आहे आणि तिथे आम्ही जाणार नाही. धुळे-नंदुरबारकडे कोरडवाहू शिवार जास्त. तिकडच्या कोणी दिवाळीआधीची माती कागदी पुडीत, जागा आणि तारीख लिहून ठेवली तर बागायती मातीशी ताडून बघता येईल. पुडी प्लॅस्टिकची नको.